वळणावरची ओ

“शिट्टीला तोंड असतं, कान नसतात,” असं पाच्चु आशान म्हणाले, तेव्हा मला हसूच आलं होतं. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, गाणं म्हणायची जागा गेली म्हणून कुरकुरतोय. शिट्टीला कान हवेत कशाला? मला तर पळायचं होतं.

मित्रांनो, मी एक जुनी पळ्ळियोडम आहे. पळ्ळियोडम म्हणजे देवाची नाव. पंपा नदीच्या काठी इलंजिक्कडव नावाचं गाव आहे. तिथल्या घाटावरच्या नावघरात मी पडून असते. मी लांबलचक आहे, अरुंद आहे, आणि माझं मागचं टोक फणा काढलेल्या नागासारखं वर उचललेलं आहे. त्या टोकावर पितळी नक्षी आहे. ती एके काळी इतकी चमकायची की घाटावरच्या बायका तिच्यात बघून केसांतली फुलं नीट करायच्या. आता ती हिरवी पडली आहे. माझ्या फळ्यांच्या सांध्यांतून सकाळचं ऊन आत येतं, आणि नावेच्या पोटात ऊन येणं ही काही चांगली गोष्ट नव्हे.

मी आधी एक झाड होते. रानफणसाचं झाड. मला कापण्यापूर्वी आचारींनी, म्हणजे नाव बांधणाऱ्या सुतारांनी, माझी पूजा केली आणि माझ्यावर राहणाऱ्या पाखरांना दुसरीकडे जायला सांगितलं. मग बुंध्याला कान लावून बोटांच्या पेरांनी टकटक केली. हाताखालच्या एकानं विचारलं, “आचारी, काय ऐकताय?”

“लाकूड ओ देतंय का, ते बघतोय.”

“आणि नाही दिली तर?”

“तर तुझ्या बापाच्या घराचं दार करू त्याचं. नाव नाही करायची.”

मी ओ दिली असणार, कारण माझी नाव झाली. माझ्या फळ्या विस्तवावर शेकून वाकवल्या. सांध्यांमध्ये काथ्या ठासला. मग सगळ्या अंगाला माशाचं तेल, करवंटीची काजळी आणि अंड्याचा बलक चोपडला. मित्रांनो, तो वास काही सुगंध नव्हता. पण त्यामुळे माझं अंग पाण्यात असं सटकायचं की पाण्यालाही कळू नये. ज्या दिवशी मला नदीत उतरवलं, त्या दिवशी सगळा गाव अनवाणी आला होता. आजही माझ्यात कोणी चप्पल घालून पाऊल ठेवत नाही. बायका तर पाऊलच ठेवत नाहीत, रीत आहे तशी. त्या घाटावर उभ्या राहतात आणि बघतात. पुढे मला कळलं की नावेत बसणाऱ्यांपेक्षा घाटावर उभं राहणाऱ्यांनाच जास्त दिसतं.

माझ्या मधोमध उभं राहून पाच्चु आशान गाणं म्हणायचे. ‘आशान’ म्हणजे गुरुजी. त्यांचं खरं नाव पाच्चु पिळ्ळै, पण ते नाव फक्त त्यांच्या रेशनकार्डाला ठाऊक होतं. सडपातळ माणूस, बारीक पाय, आवाज मात्र नदीच्या या काठावरून त्या काठावर जाणारा. आशान ओळ म्हणायचे, वल्हेकरी ती झेलायचे, आणि त्या झेलण्यावर वल्ही पाण्यात पडायची. तै तै तक तै. गाणं संथ झालं की मीही संथ व्हायचे. गाणं चढलं की मी उडायचे.

दर वर्षी पहिल्यांदा पाण्यात उतरण्यापूर्वी आशान नव्या पोरांना एक गोष्ट सांगायचे. ती ऐकून ऐकून माझ्या लाकडात मुरली आहे.

फार पूर्वी नदीच्या काठी एक भट्टतिरी, म्हणजे तिकडचे एक ब्राह्मण, राहत होते. ओणमच्या दिवशी एखाद्या अतिथीला जेवू घातल्याशिवाय ते स्वतः जेवत नसत. एका वर्षी कोणीच आलं नाही. पान वाढून भट्टतिरी डोळ्यांत पाणी आणून बसले. तेवढ्यात एक तेजस्वी मुलगा आला, पोटभर जेवला आणि निघून गेला. रात्री तो स्वप्नात येऊन म्हणाला, पुढच्या वर्षीपासून हे जेवण माझ्याकडे आणत जा. तो मुलगा म्हणजे आरन्मुळ्याच्या देवळातला पार्थसारथी, श्रीकृष्ण. तेव्हापासून भट्टतिरी दर ओणमला तांदूळ, भाज्या, केळी असं सगळं एका नावेत भरून देवळाकडे नेऊ लागले. एका वर्षी वाटेत काही लोकांनी ती नाव अडवली. काठावरच्या गावांना हाकाटी ऐकू गेली. लोक हाताला येईल त्या होडीत उडी मारून धावले आणि त्यांनी ती शिध्याची नाव सोडवली. पुढच्या वर्षापासून मोठमोठ्या नावा तिच्या सोबतीला जाऊ लागल्या. त्याच आम्ही. पण ही सोबत रात्रीच्या अंधारात व्हायची, लोकांना काही दिसायचं नाही. म्हणून मग देवाच्या जन्मनक्षत्रावर, उत्तराभाद्रपदेच्या दिवशी, दिवसाउजेडी नावा खेळवायची प्रथा पडली, असं सांगतात.

“म्हणजे काय कळलं?” गोष्ट संपली की आशान विचारायचे.

“की देवाला ओणमचं जेवण आवडतं,” कोणीतरी हमखास म्हणायचा.

“खादाडा! शर्यत नंतर आली, हे कळलं का? आधी सोबत आली. आपण कोणाला मागे टाकायला निघालो नव्हतो. कोणी मागे राहू नये म्हणून निघालो होतो.”

आणि मग ते आमच्या गावाची खास रीत सांगायचे. त्या पहिल्या रात्री दिवे विझवून धावलेल्या आमच्या लोकांना एकमेकांची तोंडं दिसत नव्हती. म्हणून प्रत्येक वळणावर एक जण हाक द्यायचा, आणि पुढचे, मधले, मागचे पाळीपाळीनं ओ द्यायचे. ज्याची ओ आली नाही तो पाण्यात. मग थांबायचं. ती हाक पुढे गाण्यात शिरली. इतर गावांची गाणी वळणावर तशीच पुढे जातात. आमचं गाणं वळणावर थबकतं. आशान उंच सुरात विचारायचे, “पुढचे आहात का?” पुढून यायचं, “ओऽऽ तै तै!” मग मधले. मग मागचे.

मधल्यांमध्ये सुकुमारन बसायचा.

मित्रांनो, सुकुमारन दिसायला देखणा, दंडाला भक्कम, पण गळ्यानं अगदी गरीब. त्याची ओ नेहमी अर्धी मात्रा मागून यायची. सगळ्यांची ओ संपली, की शेपटासारखी ही एक. “ओऽऽ तै तै!” आणि मग एकटीच, “…ओ तै.” सगळी नाव हसायची. आशान कपाळावर हात मारायचे. “अरे, तुझी आई तुला जन्म देतानासुद्धा अर्धी मात्रा थांबली होती काय?”

पण त्या अर्ध्या मात्रेनंच त्याचं लग्न जमवलं. ओणमच्या दिवसांत देवळात वल्हेकऱ्यांना जेवण असतं. तिथे हवा तो पदार्थ गाण्यातून मागायचा असतो, आणि जे मागतील ते वाढावंच लागतं, कारण वल्हेकऱ्यांत देव बसलेला असतो अशी श्रद्धा आहे. सगळ्यांनी मिळून पायसम मागितलं. पंगतीत वाढून झालं, वाढपी पुढे गेला, आणि मागून सुकुमारनचं “…पायसम” आलं. स्वयंपाकी पळी उगारून म्हणाला, “देव असशील तर सुरात माग!” पप्पडमची टोपली घेऊन उभी असलेली एक मुलगी इतकी हसली की निम्मे पप्पडम खाली पडले. तीच तंकमणी. पुढच्या वर्षी ती आमच्या गावची सून झाली.

हा जेवणाचा किस्सा मला सुकुमारननं स्वतः सांगितला. माझ्या अंगाला तेल लावताना तो माझ्याशी बोलायचा. “घरी गेलो की ती नाक दाबते,” म्हणायचा, “म्हणते, तुम्ही आलात की मासा आला, तेच कळत नाही.”

त्यांचं घर शेवटच्या वळणाच्या अलीकडे, उंचावर होतं. आम्ही देवळातून परत यायचो, तेव्हा संध्याकाळ झालेली असायची. तंकमणी पडवीत उभी राहून कान द्यायची. नदी तिथून दिसत नाही, मध्ये बांबूचं बन आहे. पण आवाज येतो. मधल्यांची ओ, आणि मागून ती एकटी अर्धी मात्रा. ती ऐकली की तंकमणी आत जाऊन कंजी, म्हणजे भाताची पेज, गरम करायला ठेवायची. पुढे त्यांना मुलगी झाली. मग ती मुलीला कडेवर घेऊन कान द्यायची. लोक तिला हसायचे. एकदा शेजारीण म्हणाली, “नवरा नदीवर जातो, लढाईवर नाही. एवढा कसला जीव खाली-वर करतेस?” तंकमणी म्हणाली, “खाली-वर नाही करत हो. फक्त ऐकते.”

मित्रांनो, मी अशी किती तरी वर्षं आनंदात घालवली. मला कोणी पहिली आलीस का असं विचारलं नाही, आणि मलाही तो प्रश्न सुचला नाही. मग नदीपलीकडच्या गावानं नवी नाव बांधली. हलकी, घाटदार. ती सलग काही वर्षं आमच्या पुढे गेली. पलीकडचे लोक आमच्या घाटासमोरून जाताना मुद्दाम वल्ही उचलून धरायचे आणि ओरडायचे, “झोपा आता! आजी दमली असेल!” आजी म्हणजे मी. मला ते फार लागलं.

आमच्या नावमंडळाचे प्रमुख भार्गवन पिळ्ळै यांना ते माझ्याहून जास्त लागलं. ते नदीच्या खालच्या अंगाच्या, खाड्या-तळ्यांच्या भागातून मुरली नावाच्या तरुणाला घेऊन आले. तिकडे नावा शिट्टीवर पळवतात. मुरलीनं गळ्यात दोरी, दोरीत शिट्टी घातली होती. तो माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, “नाव चांगली आहे. गाण्यामुळे जड झाली आहे.”

त्या संध्याकाळी नावघरासमोर सगळे जमले होते. भार्गवन पिळ्ळै नरमाईनंच म्हणाले, “आशान, मान तुमचाच. फक्त या वर्षी तुम्ही घाटावर बसा. तुमचं गाणं देवाला ऐकवा. नाव आम्ही बघतो.”

“देवाचं काय, तो कुठूनही ऐकतो,” आशान म्हणाले. “पाण्यात पडलेला माणूस ओरडेल, तेव्हा कोणी ऐकायचं? शिट्टीला तोंड असतं, कान नसतात.”

“आशान, इतक्या वर्षांत तुम्ही कधी पडलात?”

“नाही पडलो. मला विचारणारे होते म्हणून नाही पडलो.”

“म्हातारपणी माणसाला सगळीकडे पाणीच दिसतं,” कोणीतरी मागून म्हणालं, आणि हशा झाला. सुकुमारनही हसला. म्हणाला, “मला तर बरंच झालं, आशान. आता माझं चुकलं तरी कोणाला कळणार नाही.”

आशान त्याच्याकडे वळले. “अरे, तेच तर म्हणतोय,” ते म्हणाले, आणि उठून गेले.

मीही हसले, ते मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे.

उत्तराभाद्रपदेच्या सकाळी मला फुलांनी मढवलं, रेशमी छत्र्या लावल्या. तंकमणी मुलीला घेऊन घाटावर आली होती. पोरीचा ताप नुकताच उतरला होता, आणि तंकमणी बोलता बोलता सारखी तिच्या मानेला हात लावून बघत होती.

“येताना वळणावर जरा मोठ्यानं ओ द्या,” ती नवऱ्याला म्हणाली. “तुमचा आवाज ऐकला की ही हसते.”

“आज ओ नाही गं. आज शिट्टी.”

“मग तुम्ही आलात हे मला कळायचं कसं?”

“वेडी आहेस. नाव आली की मी आलो.”

मित्रांनो, हे शब्द माझ्या भरवशावर बोलले गेले होते.

त्या दिवशी मी जिंकले. कशी पळाले, काय सांगू! शिट्टीला वळणं नसतात, श्वास नसतो, नुसती धार असते. वल्ही एका वेळी पडत होती, पाणी दुभंगत होतं, काठ मागे पडत होते. पलीकडच्यांची नवी नाव माझ्या शेपटालाही शिवली नाही. माझ्या टोकाला हार पडले. वल्हेकरी एकमेकांना मिठ्या मारत होते. सुकुमारननं माझ्या कडेवर थाप मारली आणि म्हणाला, “बघितलंस? आजी म्हणत होते तुला!”

परतीच्या वाटेवर संध्याकाळ झाली. परतताना खरं तर गाणं संथ असायचं, वळणावळणाला हाक असायची. पण पलीकडचे हार मानायला तयार नव्हते. त्यांची नाव बाजूला आली आणि कोणीतरी ओरडलं, “उताराला काय, कोणीही पळतं! आता प्रवाहाविरुद्ध या की!”

भार्गवन पिळ्ळै म्हणाले, “दाखवू या यांना.” मुरलीनं शिट्टी तोंडात धरली.

आणि आम्ही पुन्हा पळालो. दोन्ही नावा इतक्या जवळून, की वल्ह्यांना वल्ही लागत होती. बांबूच्या बनाच्या अलीकडचं वळण आलं. तिथे नदी आत वळते आणि पाणी फिरतं. त्याच जागी कित्येक वर्षं मी थबकले होते, त्याच जागी हाक व्हायची. त्या दिवशी शिट्टी वाजत राहिली. पलीकडच्या एका वल्ह्याचा दांडा माझ्या मधल्या भागावर आदळला. मी डुलले आणि सावरले. आणि मला एकदम हलकं वाटलं.

मला वाटलं, हा आनंद आहे.

मित्रांनो, ज्यांना मी पोटात घेऊन निघाले होते, त्यांतला एक जण गेला, आणि मला वाटलं, हा आनंद आहे. पुढच्यांचं लक्ष पुढे होतं. शेजारच्यानं वाकून वल्हं मारता मारता मागे बघितलं नाही. ज्याची जागा रिकामी झाली, ती अंधारात दिसली नाही. कोणी वाईट नव्हतं. सगळे फक्त शिट्टी ऐकत होते.

घाटावर दिवे लावले होते. बायका कुरवा घालत होत्या, जिभेनं काढलेला तो लांब मंगल आवाज नदीवरून घुमत होता. आशान पायरीवर एका बाजूला बसले होते. लोक उड्या मारून उतरले, हार, आरोळ्या, गोंधळ. त्या गर्दीत तंकमणी मुलीला कडेवर घेऊन एकेकाचं तोंड बघत होती.

“हे कुठे आहेत?”

“अगं, असेल इथेच.”

“इथे नाहीत.”

“मागून उतरला असेल. देवळाजवळच राहिला असेल एखादे वेळी, मित्रांबरोबर. जिंकलोय आपण, तंकमणी! तोंड गोड कर आधी.”

“ते राहतील, पण न सांगता राहणार नाहीत. पोरीला ताप होता.”

“बायकांचं हे असंच,” कोणीतरी म्हणालं.

मग तंकमणीनं एक गोष्ट केली. ती रीत मोडून माझ्यापर्यंत आली नाही, की रडली नाही. ती पायरीवर बसलेल्या आशानसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आशान, एकदा हाक द्या.”

आशान उठले. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं नाही. त्यांनी नुसता सूर लावला, आणि घाट आपोआप गप्प झाला.

“पुढचे आहात का?”

“ओऽऽ तै तै!” पुढचे लोक घाटावर जिथे उभे होते तिथूनच म्हणाले. काही हसत म्हणाले.

“मधले आहात का?”

“ओऽऽ तै तै!”

आणि मग सगळे थांबले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी सगळे थांबले, कारण सगळ्यांच्या कानाला सवय होती. त्या शेपटाची. अर्धी मात्रा गेली. एक मात्रा गेली. कडेवरच्या पोरीनं नदीकडे तोंड वळवलं आणि वाट बघितली.

काही आलं नाही.

आशाननी मागच्यांना विचारलंच नाही. ते तसेच, अनवाणी, माझ्यात चढले.

आम्ही परत फिरलो. शिट्टी नव्हती. आशान मधोमध उभे राहून अंधारात हाक देत होते, पुन्हा पुन्हा तीच, फक्त मधल्यांची. आणि वल्हेकरी ओ देत नव्हते, श्वास धरून ऐकत होते. वळणाजवळ एकदा. पुढे एकदा. मासेमारीच्या जाळ्यांसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांपाशी आलो, तेव्हा आशानचा आवाज फाटला होता. त्यांनी विचारलं, “मधले आहात का?”

आणि पाण्यातून, इतक्या बारीक आवाजात की आधी बेडूक वाटावा, आलं, “…ओ तै.”

मी त्याला परत पोटात घेतलं. तो एका खुंटाला दोन्ही हातांनी कवटाळून होता. बोटं सोडवावी लागली. खांद्याला दांड्याचा मार बसला होता. कोणी त्याला पंचा गुंडाळला, कोणी छाती चोळली, भार्गवन पिळ्ळै तर त्याचे पाय धरून बसले. तो आशानकडे बघून एवढंच म्हणाला, “मी ओ देत होतो, आशान. कधीपासून देत होतो. तुम्ही विचारलंच नाही.”

आशान त्या वेळी नावेत नव्हते. तरी ते म्हणाले, “चुकलं, बाळा.”

तुम्ही म्हणाल, वाचला ना? मग दुःख कसलं? मित्रांनो, तो वाचला. पण इतका वेळ ओरडून त्याचा गळा बसला, तो पुन्हा नीट सुटला नाही. खांदा कधी सरळ झाला नाही. आणि तो माझ्यात पुन्हा कधी बसला नाही. घाटावर यायचा, लांब उभा राहायचा, निघून जायचा. पुढे तो मस्कतला एका नातेवाइकाच्या दुकानात कामाला गेला, आणि नंतर त्यानं तंकमणीला आणि मुलीलाही बोलावून घेतलं. जाण्याआधी तंकमणी नावघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मुलगी तेव्हा चालायला लागली होती, तिचा हात तंकमणीनं घट्ट धरला होता. ती मला म्हणाली, “तुझ्यावर राग नाही गं. पण तू आलीस आणि ते आले नव्हते. आता मला कोणाच्याच येण्या-जाण्यावर विश्वास बसत नाही.”

ते घर अजून उंचावर आहे. बंद आहे.

शिट्टी गेली. भार्गवन पिळ्ळै स्वतः आशानच्या घरी जाऊन त्यांना घेऊन आले. पुन्हा गाणं, पुन्हा वळणावरची हाक. पण मधल्यांची ओ झाली, की सगळे क्षणभर थांबायचे. अर्धी मात्रा. मग नवी पोरं आली. त्यांना सुकुमारन ठाऊक नव्हता. तीही थांबायची. त्यांना वाटायचं, चालच तशी आहे.

मी म्हातारी झाले. गावानं नवी नाव बांधली आणि मला नावघरात ओढलं. सुरुवातीला माझ्या अंगाला दर वर्षी तेल लावायचे. मग ओणमला एकदा हार घालायचे. मग माझ्यावर जुन्या खुर्च्या ठेवल्या. नव्या नावेच्या सरावाला आता भोंगा असतो, गाणं यंत्रातून येतं. सूर अगदी अचूक असतो. वळणावर तो विचारतोसुद्धा, “मधले आहात का?” पण विचारून झालं की लगेच स्वतःच ओ देतो.

मला मात्र एकच माणूस विसरला नाही. आशान. त्यांची बायको वारली, लेक लांब दिली आहे. दर संध्याकाळी ते काठी टेकत यायचे. बाटलीतलं थोडंसं तेल फडक्यावर घेऊन माझी जेवढी फळी त्यांच्या हाताला येईल तेवढी पुसायचे. मग पायरीवर बसून हलक्या आवाजात विचारायचे, “मधले आहात का?” थोडं थांबायचे. आणि सुकुमारनसारखं, मुद्दाम बेसूर, स्वतःच म्हणायचे, “…ओ तै.” मग हसायचे. कधी डोळे पुसायचे. माझ्या फळ्या गार वाऱ्यानं कुरकुरल्या, की म्हणायचे, “हो गं बाई, तू आहेस. ऐकलं.”

मित्रांनो, मला जपा असं मी तुम्हाला सांगणार होते. तेल लावा, खुर्च्या काढा, सांधे भरा, असं बरंच मनात होतं. लाकूड जपलं तर टिकतं. पण आता ते राहू द्या.

आशान हल्ली आलेले नाहीत.

आधी मला वाटलं, पाऊस आहे. मग पाऊस थांबला. मग वाटलं, लेकीकडे गेले असतील. पण तेलाची बाटली आणि फडकं इथेच पायरीवर आहे, आणि ते न सांगता जाणाऱ्यांतले नाहीत. लोक घाटावर येतात, जातात, कोणी काही बोलत नाही. सगळ्यांना वाटत असेल, असतील इथेच. मी रोज संध्याकाळी कुरकुरते. पण मी नाव आहे, मला पाय नाहीत.

तुम्हाला आहेत. नावघराच्या मागून पायवाट जाते. बकुळीच्या झाडापाशी ती वर चढते, तिथलं पहिलंच कौलारू घर. फाटकातून हाक मारून परत फिरू नका. अंगणात जा. विचारा, “आशान, आहात का?” आणि मग थांबा. त्यांना कमी ऐकू येतं, ओ थोडी मागून येईल. अर्धी मात्रा उशीर झाला तर घाबरू नका.

त्याहून जास्त झाला, तर दार ढकला.